व्हॉल्वचा अँप्लिफायर घरीं करावा काय?

गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या वरच्या इयत्तांतील कांहीं विद्यार्थ्यांस एक छंद जडला आहे. त्यास नवा छंद म्हणण्याचा मोह होतो, परंतु वस्तुतः तो त्यांच्या आजोबांच्या काळचा होय. कांचेचे व्हॉल्व, लोखंडी ट्रान्सफॉर्मर व पत्र्याची पेटी एवढें साहित्य गोळा करून, हेडफोनवर गाणें ऐकण्यापुरता एक लहानसा अँप्लिफायर आपल्या हातानें जुळवावयाचा, असें त्याचें स्वरूप आहे. ह्यासंबंधानें पालकांची दोन मतें आमच्या कानीं येतात. कित्येकांस हा जीवावरचा खेळ वाटतो व शाळेनें तो तत्काळ बंद करावा असें ते म्हणतात. दुसरे म्हणतात, मुलगा रस्त्यावर भटकण्यापेक्षां घरीं बसून कांहीं करीत आहे ना, मग त्यास लागेल तें साहित्य आणून देऊन आपण बाजूस व्हावें. आमचें मत ह्या दोहोंहून निराळें आहे. तें थोड्या विस्तारानें मांडण्याची परवानगी वाचकांनीं द्यावी.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. व्हॉल्व म्हणजे आंतील हवा काढून घेतलेली कांचेची कुपी. तिच्या मध्यभागीं एक बारीक नळी असते व नळीच्या पोटांत तापतंतु. तापतंतूंतून वीज गेली म्हणजे नळी लाल होते, आणि तिच्यावर बेरियम व स्ट्रॉन्शियम ह्या धातूंच्या ऑक्साइडांचा जो लेप दिलेला असतो त्यांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडूं लागतात. नळीच्या भोंवतीं कांहीं अंतरावर धातूचें एक वेष्टन असतें, त्यास ॲनोड म्हणतात. ॲनोडवर धन दाब ठेवला कीं इलेक्ट्रॉन तिकडे धांव घेतात. ह्या दोहोंच्या मध्यें अतिशय बारीक तारेची एक जाळी बसविलेली असते, ती ग्रिड. जाळीवर थोडा ऋण दाब दिला कीं प्रवाह आटतो, ऋणत्व किंचित् कमी केलें कीं तो वाढतो. ज्यानें ऊंसास पाणी दिलें आहे त्यास हें समजावून सांगावें लागत नाहीं. पाटाचें दार उचलण्यास हाताचें थोडेंसें बळ पुरतें, परंतु त्या दाराखालून जें पाणी वाहतें तें सारें शेत भिजवितें. तें पाणी दार उचलणाऱ्याचें नसतें, धरणाचें असतें. त्याचप्रमाणें हेडफोन हालविणारी शक्ति भिंतींतील विजेंतून ट्रान्सफॉर्मरच्या वाटेनें आलेली असते. ग्रिडवर आलेलें गाणें फक्त दार वरखालीं करतें.

ह्या कुपीचा इतिहास विद्यार्थ्यांनीं एकदां तरी वाचावा असा आहे. दिव्याच्या निर्वात पोकळींतून प्रवाह वाहूं शकतो हें एडिसननें १८८० नंतरच्या वर्षांत पाहिलें होतें, पण तो कां वाहतो हें त्याच्या ध्यानीं आलें नाहीं. इलेक्ट्रॉन म्हणून कांहीं आहे हेंच मुळीं जे. जे. टॉमसननें १८९७ सालीं दाखविलें. १९०४ सालीं लंडन येथील अध्यापक जॉन अँब्रोझ फ्लेमिंग ह्यांनीं दोन ध्रुवांचा व्हॉल्व केला. त्यानंतर दोन-तीन वर्षांत ली डी फॉरेस्ट ह्या अमेरिकन गृहस्थानें मध्यें जाळी घातली, आणि विशेष हें कीं जाळी घालणाराची समजूत चुकीची होती. कुपींत थोडा वायु राहिल्यानेंच ती काम करते असें तो मानीत असे. हॅरॉल्ड आर्नोल्ड व अर्विंग लँगम्यूर ह्यांनीं १९१२-१३ च्या सुमारास वायु जितका काढावा तितकी कुपी विश्वासू होते हें सिद्ध केलें. वस्तु हातांनीं आधीं होते व बुद्धीस मागाहून कळते, असें शास्त्राच्या इतिहासांत पुष्कळदां घडलें आहे. शाळेंत आम्ही नेमका उलटा क्रम लावतो, ही गोष्ट निराळी.

पुढें सुमारें चाळीस वर्षें रेडिओ, टेलिफोन, बोलपट ह्या सर्वांचा भार ह्याच कुप्यांनीं वाहिला. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें तेव्हां पाठविणारीं यंत्रें व्हॉल्वांचींच होतीं. १९५५-५६ मध्यें पुणें आकाशवाणीवरून गीतरामायण होऊं लागलें तेव्हां घरोघरीं जे संच होते तेहि बहुतेक व्हॉल्वांचेच. ट्रान्झिस्टरचा शोध अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डिसेंबर १९४७ मध्यें लागला होता, परंतु तो आमच्या दिवाणखान्यांत पोंचण्यास पुष्कळ वर्षें लागलीं. बंगळूर येथील भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी १९५४ सालीं निघाली व पुढें तेथेंहि रेडिओचे व्हॉल्व होऊं लागले. त्या कुप्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वा जुन्या बाजारांत अजून हातीं लागतात. आज नवे व्हॉल्व मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया व चीन येथें होतात. २०२२ सालीं युक्रेनचें युद्ध पेटल्यावर रशियांतील माल कांहीं काळ अडला व भाव एकदम चढले, इतका हा धंदा आतां थोड्या हातांत उरला आहे.

आतां एक प्रत्यक्ष अँप्लिफायर घेऊं. ईसीसी ८८ नांवाचा व्हॉल्व मूळ टेलिव्हिजनच्या कामासाठीं निघाला. एका कुपींत दोन व्हॉल्व असतात, म्हणून डाव्या कानास एक व उजव्या कानास एक अशा दोन कुप्या पुरतात. पहिला अर्धा भाग गाण्याचा दाब वाढवितो. दुसरा अर्धा दाब वाढवीत नाहीं, तर हेडफोनास लागणारा प्रवाह पुरवितो. त्याची जोडणी कॅथोड फॉलोअर ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. सुमारें २०० व्होल्टांचा पुरवठा व दुसऱ्या भागांतून १० मिलिअँपिअर प्रवाह, एवढें धरून चालूं.

येथें विद्यार्थ्यांनीं पेन्सिल हातांत घ्यावी. स्थिर प्रवाह १० मिलिअँपिअर असेल तर हेडफोनांत जाणाऱ्या लाटेचें शिखर त्याहून फारसें उंच जाऊं शकत नाहीं. ३०० ओहमांच्या हेडफोनावर तें शिखर ३ व्होल्ट होतें व शक्ति सुमारें १५ मिलिवॅट. ही शक्ति एका कानास पुरून उरते. पण बाजारांत जे सामान्य हेडफोन मिळतात ते ३२ ओहमांचे असतात. तेथें शिखर ०.३२ व्होल्ट व शक्ति जेमतेम दीड मिलिवॅट! शिवाय ह्या जोडणीचा स्वतःचा अंतर्गत विरोध १०० ओहमांच्या आसपास असतो. तेव्हां ३०० ओहमांच्या हेडफोनास दाबाचे तीन चतुर्थांश मिळतात आणि ३२ ओहमांच्यास एक चतुर्थांशहि धड मिळत नाहीं. आणखी एक हिशेब आहे. व्हॉल्वच्या कॅथोडवर शंभर व्होल्टांच्या जवळपास स्थिर दाब असतो. तो कानापर्यंत येऊं नये म्हणून मध्यें कंडेन्सर घालतात. १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ३०० ओहमांबरोबर साडेपांच हर्ट्झपर्यंतचे खर्जाचे स्वर जाऊं देतो. तोच ३२ ओहमांबरोबर ५० हर्ट्झच्या खालीं स्वर दाबूं लागतो, व तबल्याच्या डग्ग्याचा घुमार गेला कोठें म्हणून मुलगा डोकें खाजवीत बसतो. नववीच्या पुस्तकांतील ओहमचा नियम आणि कंडेन्सरचें सूत्र ह्यांपलीकडे ह्या हिशेबांत कांहीं नाहीं. परंतु फळ्यावर हीं सूत्रें कोणाच्या मनांत शिरत नाहींत व येथें मुलें ती आपण होऊन विचारावयास येतात. छंदाच्या बाजूनें आमचें पहिलें म्हणणें हेंच आहे.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा छंद मुख्यतः वाखाणला जातो तिच्याकडे वळूं. व्हॉल्वचा आवाज ‘उबदार’, ‘जिवंत’, ‘खरा’ असतो व ट्रान्झिस्टरचा अथवा चिपचा कोरडा, असें ठासून सांगणारे पुष्कळ आढळतात. विद्यार्थ्यांनीं ह्या विधानावर विश्वास ठेवूं नये असें आम्ही स्पष्ट सांगतों. आजच्या चांगल्या चिप अँप्लिफायरमध्यें मूळ आवाजांत होणारा विकार एका टक्क्याच्या हजाराव्या भागाहूनहि कमी असतो. घरीं केलेल्या साध्या व्हॉल्वच्या संचांत तो मोठ्या आवाजास एक टक्क्याच्या आसपास जाऊं शकतो. हा विकार कानास टोंचत नाहीं हें खरें, कारण तीन ध्रुवांचा व्हॉल्व जो स्वर अधिक भर घालतो तो बहुतांशीं मूळ स्वराच्या बरोबर वरच्या सप्तकांतील तोच स्वर असतो. तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून जवारी काढली म्हणजे आवाज भरल्यासारखा वाटतो, तसाच कांहींसा हा प्रकार आहे. परंतु तंबोऱ्याची जवारी गवयानें स्वतः लावलेली असते. गवयाच्या गळ्यांत नसलेली जवारी अँप्लिफायरनें परस्पर लावावी, आणि तिलाच खरेपणा म्हणावें, हें आम्हांस पटत नाहीं. गोड लागतें म्हणून ऐकावें, त्यास हरकत नाहीं. तें अधिक खरें आहे असें मात्र म्हणूं नये.

ज्यास शंका असेल त्यानें परीक्षा घ्यावी. एक चिपचा व एक व्हॉल्वचा असे दोन अँप्लिफायर घ्यावे. मल्टिमीटरनें मोजून दोहोंचा आवाज अगदीं सारखा करावा, कारण किंचित् मोठा आवाज मनुष्यास नेहमीं अधिक चांगला वाटतो व बहुतेक वाद येथेंच जन्मतात. मग सोबत्यानें पडद्याआडून नाणें उडवून हवा तो लावावा व ऐकणाऱ्यानें वहींत नांव लिहावें. असें दहा वेळां करावें. केवळ अंदाजानें दहांपैकीं नऊ वा अधिक उत्तरें बरोबर येण्याचा संभव १०२४ मध्यें ११ इतकाच आहे. म्हणून ज्याचीं नऊ उत्तरें बरोबर येतील त्याच्या कानास फरक कळतो असें मानावयास जागा आहे. ज्याचीं पांच-सहा येतील त्यानें उबदारपणाचें व्याख्यान देऊं नये. आमच्या विज्ञानमंडळांत ही परीक्षा झाली तेव्हां मोठमोठ्या रसिकांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते.

ह्या श्रद्धेवर पैसा कसा कमावितात तेंहि पालकांस कळलें पाहिजे. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं मोठ्या हौसेनें तयार ‘व्हॉल्वचा’ अँप्लिफायर विकत आणला. वरतीं दोन कुप्या, त्यांत सुंदर नारिंगी उजेड. मुलानें तो शाळेंत आणला व आम्हीं त्यास एवढेंच विचारलें कीं कुप्या गरम होतात काय. त्यानें कुपीस हात लावून पाहिला, ती थंडगार. मग वीज बंद करून त्यानें दोन्ही कुप्या उपसून काढल्या व संच पुन्हां लावला. गाणें पूर्वींप्रमाणेंच चालूं! नारिंगी उजेड खालच्या एल्‌ईडी दिव्याचा होता व सारें काम आंतील एक चिप करीत होती. वडील रागावले, पण मुलगा फारच खूष झाला, आणि आमच्या मतें त्या दिवशीं त्याच्या वडिलांचे पैसे पुरे वसूल झाले.

तर मग ज्या वस्तूचें काम एक स्वस्त चिप अधिक चोख करते ती मुलानें कां करावी? असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं चिपच्या आंत मुलास कांहीं दिसत नाहीं. आज घरांतील प्रत्येक यंत्र बंद पेटी झालें आहे. तें बिघडलें तर फेंकावयाचें व दुसरें आणावयाचें. सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेंतून २०१६ पासून देशभर सुमारें १०,००० शाळांस साहित्य मिळालें, तें चांगलेंच झालें. पण तेथेंहि मुलें तयार पट्टी घेऊन तयार आज्ञावली चढवितात आणि दिवा लुकलुकला कीं काम संपतें. व्हॉल्वच्या संचांत तापतंतु तांबडा होतांना डोळ्यांना दिसतो. वीज कोणत्या तारेनें आली व कोणत्या तारेनें गेली तें बोटानें दाखवितां येतें. प्रत्येक सांध्याचा डाख मुलानें स्वतः दिलेला असतो, आणि तो कच्चा राहिला तर संच खरखरून त्याची चुगली करतो.

सर्वांत मोठें शिक्षण गुणगुण शोधण्यांत आहे. संच प्रथम लावला म्हणजे हेडफोनांत गाण्याआधीं बहुधा एक गुणगुण ऐकूं येते. ती कोठून येते? आवाज कमी करण्याची कळ फिरविल्यावर ती कमी झाली तर उगम कळीच्या अलीकडे आहे. न झाली तर पलीकडे. तिचा सूर ५० हर्ट्झचा असेल तर तापतंतूच्या तारा वा ट्रान्सफॉर्मरचें चुंबकत्व ह्यांवर संशय घ्यावा. १०० हर्ट्झचा असेल तर दाब गाळणारा कंडेन्सर कमी पडला असें समजावें, कारण विजेच्या दोन्ही अर्धलाटा सरळ केल्यावर उरलेली लाट दुप्पट वेगाची होते. गेल्या वर्षीं दहावींतील एका मुलीनें आठ दिवस ह्या गुणगुणीचा पिच्छा पुरविला. तिनें तापतंतूच्या तारा एकमेकींस पीळ देऊन पाहिल्या, पृथ्वीच्या सर्व तारा एकाच बिंदूस आणून जोडल्या, तरी थोडी गुणगुण उरलीच. शेवटीं तिनें ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू काढून तो जागच्या जागीं काटकोनांत फिरविला आणि गुणगुण गेली. कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत हें कृत्य तिनें वाचलें नव्हतें. चुंबकीय रेषा कुपींतून आरपार जात असाव्या असें तिच्या मनानें घेतलें होतें. हा मुलग्यांचा खेळ आहे असें समजून जे पालक मुलीस शनिवारीं दुपारीं घरीं बोलावून घेतात, त्यांनीं ह्याचा विचार करावा.

एवढी स्तुति केल्यावर धोक्याविषयीं बोललें पाहिजे, आणि येथें आम्ही पहिल्या पक्षाच्या पालकांशीं बरेचसे सहमत आहों. २०० व्होल्टांचा सरळ प्रवाह मनुष्यास ठार करूं शकतो. संचाचा प्लग काढून ठेवला तरी कंडेन्सरांत वीज सांठून राहते, व तो प्लग काढलेला पाहूनच मुलगा निर्धास्तपणें आंत हात घालतो. १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर २०० व्होल्टांवर २ ज्यूल शक्ति बाळगून असतो. त्यावर २,२०,००० ओहमांचा एक रोध कायम बसविला तर एका मिनिटांत दाब १३ व्होल्टांवर येतो व दोन मिनिटांत एका व्होल्टाखालीं जातो. चार-दोन रुपयांचा हा रोध ज्या संचांत नाहीं तो संच आमच्या टेबलावर येणार नाहीं. आणि रोध असला तरी तो तुटलेला असूं शकतो, म्हणून दोन मिनिटें थांबून, मल्टिमीटरनें दाब मोजूनच हात घालावा, व घालतांना डावा हात पाठीमागें ठेवावा. एका हातांतून शिरलेली वीज दुसऱ्या हातानें बाहेर पडली तर ती छातींतून जाते.

घरांत आर्‌सीसीबी बसविला आहे, आतां भीति नाहीं, असें एक सुशिक्षित पालक आम्हांस म्हणाले. हा समज अनेकांचा असेल. तें उपकरण भिंतींतील विजेची गळती ओळखतें. परंतु ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडील २०० व्होल्टांचा फेरा वेगळा असतो. तेथें मुलाचा एक हात तारेस व दुसरा पेटीच्या पत्र्यास लागला तर प्रवाह त्या फेऱ्यांतच घुटमळतो, व भिंतीवरील उपकरणास त्याची वार्ताहि लागत नाहीं. तें घरांत असावेंच, परंतु ह्या ठिकाणीं तें रक्षण करीत नाहीं हें पक्कें ध्यानांत असावें. ट्रान्सफॉर्मर गाळून थेट भिंतींतील विजेवर चालणारे संच पूर्वीं निघत. त्यांची नक्कल कोणींहि कधींहि करूं नये.

दुसरा धोका लोकांच्या लक्ष्यांत येत नाहीं. वर जो कंडेन्सर सांगितला, कानाकडे जाणारा, तो फुटून आरपार झाला तर कॅथोडवरील शंभर व्होल्ट डोक्यावर घातलेल्या वस्तूंत येतात. म्हणून तो पुरवठ्याच्या पूर्ण दाबाहून अधिक दाब सोसणारा व नवाच घ्यावा, जुन्या संचांतून काढलेला कदापि नाहीं. संच सुरू होतांना कंडेन्सर भरत असतो, त्या वेळीं हेडफोनांतून मोठा धक्का जातो. याकरितां निर्गमावर एक रोध ठेवावा व पहिलें मिनिटभर हेडफोन लावूंच नये.

मग ह्यांतून वाट कोणती? आमच्या मतें पहिला संच कमी दाबाचाच असावा. १९५० नंतर मोटारींतील रेडिओसाठीं १२ व्होल्टांच्या बॅटरीवर चालतील असे कांहीं व्हॉल्व मुद्दाम काढण्यांत आले. अमेरिकेंतील १२ के ५ व युरोपांतील ईसीसी ८६ हे त्यांपैकीं होत. इतर नेहमींचे कांहीं व्हॉल्वहि १२ ते २४ व्होल्टांवर थोडेंबहुत काम करतात. त्यांच्या पुढें हेडफोनास प्रवाह पुरविण्यासाठीं एक मॉस्फेट जोडला म्हणजे ३२ ओहमांच्या हेडफोनाची अडचणहि सुटते. पुरवठा बाजारांत मिळणाऱ्या १२ वा २४ व्होल्टांच्या चांगल्या तयार ॲडॅप्टरचा घ्यावा. कट्टर व्हॉल्वभक्त अशा संचास संकर म्हणून नाक मुरडतात. मुरडोत बापडे. तापतंतु लालच होतो, ग्रिड दार उघडझांप करतेच, गुणगुण शोधावीच लागते, आणि सायंकाळीं मुलगा जेवावयास घरीं येतो. २०० व्होल्टांचा संच त्यानें अकरावींत, शिक्षकासमोर करावा.

आणखी एक गोष्ट कानांची. चांगल्या हेडफोनास ३०० ओहमांवर १ व्होल्ट मिळाला तर १०० डेसिबलच्या वर आवाज होतो, आणि आपला संच तर दोन व्होल्ट देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेप्रमाणें प्रौढास ८० डेसिबल आठवड्यास ४० तास, मुलांस ७५ डेसिबल तितकेच तास; आणि दर ३ डेसिबल वाढीस वेळ निम्मा. हा हिशेब १०० डेसिबलपर्यंत नेला तर प्रौढासहि आठवड्याचीं जेमतेम २० ते २५ मिनिटें उरतात. १२ ते ३५ वयाच्या १०० कोटींहून अधिक लोकांची श्रवणशक्ति अशा ऐकण्यानें धोक्यांत आहे असें ती संघटना सांगते. स्वतः केलेल्या संचाचा अभिमान मुलास तो मोठ्यानें वाजविण्यास लावतो, म्हणून प्रवेशमार्गांत एक रोध कायमचा घालून वरची सीमा आधींच बांधून टाकावी. गेलेला कान परत येत नाहीं, व त्यावर कोणताहि व्हॉल्व उपयोगी पडत नाहीं.

येत्या वर्षीं शाळेनें काय करावें ह्याविषयीं आमची सूचना थोडक्यांत अशी आहे. शनिवारीं दुपारीं दोन तास प्रयोगशाळा उघडी ठेवावी. आठवी-नववीसाठीं कमी दाबाचा संच, व त्यांत मुलग्यांइतक्याच मुली घ्याव्या. पालकाची लेखी संमति घ्यावी, आणि पालकांनीं निदान एक शनिवार स्वतः येऊन बसावें. विजेचें काम करणारे अनेक पालक आमच्यांत आहेत, त्यांच्या हातांतील कसब मुलांनीं पाहिलें पाहिजे. परीक्षेंत ह्यास गुण नसावे. गुण ठेवले कीं बाजारांत तयार संच मिळूं लागतील.

शेवटीं घरच्या माळ्याविषयीं. पुष्कळ घरांत आजोबांचा जुना व्हॉल्वचा रेडिओ पोत्यांत गुंडाळून ठेवलेला असतो. तो भंगारवाल्यास देऊं नये, आणि चालतो काय हें पाहण्यासाठीं एकदम प्लगासहि लावूं नये. पन्नास-साठ वर्षांत आंतील कंडेन्सर सुकलेले असतात, तारांवरील रबर कुसकरलेलें असतें, व कांहीं संचांत पेटीचा पत्राच विजेशीं जोडलेला असतो. तो जसाच्या तसा, धूळहि न झटकतां, शाळेंत आणून द्यावा. त्यांतील ट्रान्सफॉर्मर व व्हॉल्व आम्ही मुलांसमोर तपासूं, आणि उपयोगी निघाले तर त्याच घरच्या मुलाच्या वा मुलीच्या संचांत बसवूं.